शरदांतील पाहुणे

भाद्रपदाचा पाऊस ओसरूं लागला, गौरी-गणपति पाण्यांत गेले, आणि सकाळच्या उन्हाला किंचित् पिवळेपणा आला, म्हणजे पुण्यासारख्या शहरांत एक लहानसा पाहुणा कसलाहि गाजावाजा न करतां येऊन दाखल होतो. तो चिमणीपेक्षां सडपातळ आणि लांब शेपटीचा असतो. ती शेपटी सारखी खालींवर हालवीत तो बागेच्या हिरवळीवर, नदीच्या घाटावर, गच्चींत साठलेल्या पाण्याच्या कडेला किंवा शाळेच्या ओल्या मैदानावर तुरुतुरु धांवतो. मध्येंच उडी मारून एखादें चिलट टिपतो. आणि उडतांना लाटेसारखा वरखालीं होत, बारीक आवाज करीत निघून जातो. त्याला कोणी धोबी म्हणतात, कोणी परीट. पाण्याच्या कांठीं शेपूट आपटण्याच्या त्याच्या खोडीवरून धुणें आपटणाराची आठवण होऊन हीं नांवें पडलीं असावींत. संस्कृत कवींनीं त्याला खंजन म्हटलें, आणि सुंदर स्त्रीच्या चंचल नेत्रांना त्याची उपमा दिली.

हा पाहुणा येतो कोठून? त्याचें वजन वीस ग्रॅमच्या आंतबाहेर, म्हणजे चहाच्या चार-पांच चमचे साखरेइतकें. एवढ्याशा देहानें तो हिमालयाच्या ओढ्यांवरून, मध्य आशियांतून किंवा त्याहूनहि दूरच्या सैबेरियांतून प्रवास करून येतो. वाटेंत कोणी त्याला मार्ग दाखवीत नाहीं, आणि आल्यावर कोणी त्याचें स्वागत करीत नाहीं. पुष्कळांना तर तो आला आहे हेंच कळत नाहीं. जुलैत नदीवर दिसलेला धोबी आणि गणपतीनंतर दाराशीं दिसलेला धोबी हे एकच, असा समज सर्वसाधारण आहे; परंतु तो बरोबर नाहीं. काळें डोकें, काळी पाठ आणि डोळ्यांवर ठसठशीत पांढरी भुवई असलेला मोठा धोबी हा बाराहि महिने येथेंच राहणारा आहे. उलट पोटाशीं पिवळा व पाठीवर राखी असा करडा धोबी, आणि पांढऱ्या चेहऱ्याचा व राखी पाठीचा पांढरा धोबी, हे दोघे शरदांत येणारे आणि वसंतांत परत जाणारे प्रवासी आहेत. घरचा माणूस आणि पाहुणा यांतील हा भेद एकदां डोळ्यांना उमगला, म्हणजे शरद ऋतूच्या आकाशाकडे पाहण्याची दृष्टि बदलते.

या पाहुण्यांच्या आगमनाला एक क्रम आहे. पहिला मान भोरड्यांचा. पाऊस पुरता सरलेलाहि नसतो, तोंच जुलैअखेर किंवा ऑगस्टांत, गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या या मैना पूर्व युरोप व मध्य आशिया येथील आपलीं विणीचीं ठिकाणें सोडून भारताच्या पश्चिम भागांत उतरूं लागतात. पुढें ज्वारीचीं कणसें भरलीं, कीं शेतकऱ्याच्या गोफणीचें पहिलें लक्ष्य याच भोरड्या; पण ज्या टोळांपुढें तोच शेतकरी हात टेकतो, त्या टोळांना हजारोंनीं फस्त करणाऱ्याहि याच. सप्टेंबरांत करडा धोबी येतो, आणि पाणथळीच्या चिखलांत तुतारी, चिखल्या वगैरे लांब पायांचे व बारीक चोंचीचे पक्षी दिसूं लागतात. ऑक्टोबरांत विजेच्या तारांवर माळभिंगऱ्यांच्या रांगा बसतात, पडक्या भिंतीवर आपली तांबडी शेपटी थरथरवीत थिरथिरा येऊन बसतो, आणि सासवड-सुप्याकडील गवताळ माळांवर भोवत्या हा शिकारी पक्षी जमिनीलगत घिरट्या घालूं लागतो. नोव्हेंबरांत बदकांचे थवे येतात. त्यांत फावड्यासारख्या चोंचीचा थापट्या, टोंकदार शेपटीचें तलवार बदक आणि कवींचा चक्रवाक हे सहज ओळखूं येतात. सर्वांच्या मागून, थंडी चांगली पडल्यावर, डोक्यावर दोन काळे पट्टे मिरविणारा पट्टकदंब हा हंस येतो. पुण्याजवळ कवडीपाट येथें मुळा-मुठेच्या पात्रांत, पाषाण तलावावर, भिगवणपाशीं उजनीच्या फुगवट्यावर आणि नाशिक जिल्ह्यांत नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर हा सोहळा दरसाल पाहावयास मिळतो.

याच वेळीं कांहीं मंडळी जाण्याची तयारी करीत असतात, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पावसाच्या आगेमागें आफ्रिकेंतून आलेला चातक आपलें काम उरकून सप्टेंबर-ऑक्टोबरांत परत फिरतो. एका दारानें पाहुणे आंत येत आहेत आणि दुसऱ्या दारानें दुसरे निरोप घेत आहेत, अशी ही शरदांतील धर्मशाळा आहे.

हे पक्षी थंडीला भिऊन पळतात, असें सामान्यतः सांगितलें जातें. तें पुरतें खरें नाहीं. पिसांचा पोषाख थंडीला पुरून उरतो. पोटाला मात्र पिसें पुरत नाहींत. उत्तरेकडे तळीं गोठलीं म्हणजे बदकाला पाण्यांतील वनस्पति मिळत नाहींत. जमीन बर्फाखालीं गेली म्हणजे धोब्याला किडे मिळत नाहींत. नेमक्या याच वेळीं दख्खनमध्यें पावसानें भिजलेलीं शेतें, भरलेलीं तळीं आणि कीटकांनीं गजबजलेलें गवत तयार असतें. तेव्हां हा प्रवास थंडीपासून दूर जाण्याचा नसून अन्नाकडे जाण्याचा आहे. मग कोणी विचारील, येथें एवढी समृद्धि आहे तर ते येथेंच कायम कां राहत नाहींत? याचें उत्तर उत्तरेच्या उन्हाळ्यांत आहे. साठ अंशांच्या अक्षवृत्तावर जूनमधील दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा असतो, आणि पुण्यांतील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. पिलांना भरविणाऱ्या आईबापांना उत्तरेंत दर दिवशीं साडेपांच तासांहून अधिक उजेड मिळतो, किड्यांचा सुकाळ असतो, आणि जागेसाठीं भांडणारे शेजारी थोडे असतात. म्हणून संसार उत्तरेंत आणि हिंवाळा दक्षिणेंत, अशी वांटणी निसर्गानें केलेली आहे.

निघण्याची वेळ झाली, हें पक्ष्याला कोण सांगतें? थंडीची पहिली झुळूक सांगत असेल, असा तर्क पूर्वीं होता. कॅनडांतील प्राध्यापक विल्यम रोवन यांनीं १९२० नंतरच्या दशकांत त्याची परीक्षा केली. त्यांनीं स्थलांतर करणारे लहान पक्षी पकडून कडाक्याच्या थंडींत उघड्या पिंजऱ्यांत ठेवले, आणि रोज संध्याकाळीं विजेचे दिवे लावून त्यांचा दिवस थोडाथोडा लांबविला. बाहेर बर्फ असतांहि त्या पक्ष्यांच्या शरीरांत वसंत ऋतूंतले फेरफार सुरू झाले. यावरून दिसून आलें, कीं पक्ष्याचें घड्याळ थंडीवर चालत नसून दिवसाच्या लांबीवर चालतें. हवा लहरी आहे. एखाद्या वर्षीं थंडी लवकर पडेल, एखाद्या वर्षीं उशिरा. दिवसाची लांबी मात्र दरवर्षीं त्याच तारखेला तितकीच असते.

ही गोष्ट मराठी घरांत समजावून सांगण्यास पंचांगासारखें साधन नाहीं. पंचांगांतील महिने चंद्राचे, म्हणून सण इंग्रजी तारखेच्या मागेंपुढें सरकतात, आणि अधिक महिना घालून त्यांना पुन्हां ऋतूशीं जुळवून घ्यावें लागतें. २०२३ सालीं अधिक श्रावण आला आणि दसरा २४ ऑक्टोबरला पडला. २०२५ सालीं तोच दसरा २ ऑक्टोबरला झाला. दोहोंत बावीस दिवसांचें अंतर. धोब्याला मात्र अधिक महिना ठाऊक नाहीं. त्याचें पंचांग निव्वळ सूर्याचें आहे. म्हणून ‘दसऱ्याच्या आधीं आला’ किंवा ‘दिवाळीनंतर आला’ अशी आठवण ठेवणाऱ्याला पाहुणा यंदा फार लवकर किंवा फार उशिरा आला असें वाटतें. तारीख लिहून ठेवणाऱ्याला तो जवळजवळ आपल्या नेमानेंच आलेला दिसतो.

दिवस लहान होऊं लागले, कीं पक्ष्याच्या शरीरांत प्रवासाची तयारी सुरू होते. जुनीं पिसें गळून नवीं येतात. भूक वाढते आणि कातडीखालीं चरबी सांचूं लागते. कांहीं लहान पक्ष्यांचें वजन निघण्यापूर्वीं जवळजवळ दुप्पट होतें. ही शिदोरी चरबीचीच असते याला कारण आहे. समान वजनाच्या पिष्टमय पदार्थापेक्षां चरबींतून दुपटीहून अधिक उष्णता मिळते, आणि ती जळतांना शरीराला थोडें पाणीहि मिळतें. आंत जाळावयाचें तेल आणि प्यावयाचें पाणी एकाच पोतडींत बांधून नेणारा असा हिशेबी प्रवासी दुसरा नसेल. या दिवसांत पिंजऱ्यांत ठेवलेले स्थलांतरी पक्षीसुद्धां रात्रीं झोंप सोडून पंख फडफडवूं लागतात, आणि त्यांच्या उड्यांचा रोख बहुधा जाण्याच्या दिशेकडेच असतो. पुष्कळसे लहान पक्षी रात्रींच प्रवास करतात. रात्रीं हवा थंड व शांत असते, ससाण्याची भीति कमी असते, आणि दिवस चरण्याला मोकळा राहतो.

हें सारें ज्ञान माणसाला सहजासहजीं मिळालेलें नाहीं. ॲरिस्टॉटलसारख्या विद्वानानेंहि भिंगऱ्या हिंवाळ्यांत बिळांत लपून राहतात असें लिहून ठेवलें, आणि पुढें शेंकडों वर्षें युरोप तें मानीत आला. १८२२ सालीं जर्मनींत क्ल्युट्झ गांवाजवळ एक पांढरा करकोचा सांपडला. त्याच्या मानेंत आफ्रिकी बनावटीचा भाला आरपार रुतलेला होता. तो भाला घेऊन तो बिचारा आफ्रिकेंतून उडत आला होता! रोस्टॉकच्या विद्यापीठानें तो पक्षी जतन करून ठेवला. पक्षी हिंवाळ्यांत कोठें जातात, या प्रश्नाचें हें पहिलें डोळ्यांनीं दिसणारें उत्तर. पुढें १८९९ सालीं डेन्मार्कमधील व्हीबोर्ग गांवच्या हान्स मॉर्टेन्सेन नांवाच्या एका शाळामास्तरानें १६५ मैनांच्या पायांत ॲल्युमिनियमचीं हलकीं कडीं घातलीं आणि त्यांवर अंक व पत्ता कोरला. कडें सांपडेल त्यानें कळवावें, इतकीच योजना. या साध्या युक्तीनें पक्षिशास्त्राला नवे डोळे दिले. भारतांत मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीनें, डॉ. सलीम अली यांच्या नेतृत्वाखालीं, १९५९ पासून हें काम मोठ्या प्रमाणावर हातीं घेतलें. आतां कड्याच्या जोडीला पक्ष्याच्या पाठीवर बसविण्याचें कांहीं ग्रॅम वजनाचें यंत्र आलें आहे. त्याचा संदेश उपग्रह टिपतो, आणि पक्षी कोठें आहे तें प्रयोगशाळेंत बसून कळतें.

पण तो वाट कशी ओळखतो? या प्रश्नावर एक प्रयोग फार बोधप्रद आहे. हॉलंडमधील ए. सी. पर्डेक यांनीं हेग शहराजवळून शरदांत नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या अकरा हजारांहून अधिक मैना पकडल्या, विमानानें स्वित्झर्लंडला नेल्या, आणि तेथें सोडून दिल्या. निष्कर्ष १९५८ सालीं प्रसिद्ध झाले. ज्या प्रौढ मैनांनीं पूर्वीं एकदां तरी हा प्रवास केला होता, त्यांनीं आपली चूक ओळखली, तोंड वायव्येकडे वळविलें, आणि त्या आपल्या नेहमींच्या हिंवाळी मुलुखाकडे गेल्या. पहिल्यानेंच निघालेल्या तरुण मैना मात्र त्याच नैर्ऋत्य दिशेनें सरळ उडत राहिल्या आणि दक्षिण फ्रान्समध्यें व स्पेनमध्यें जाऊन पोंचल्या. याचा अर्थ असा, कीं जन्मतः मिळते ती फक्त दिशा. पत्ता अनुभवानें मिळतो. तरुण पक्षी ‘अमुक दिशेनें इतके दिवस जा’ एवढा वडिलोपार्जित निरोप घेऊन निघतो. जेथें त्याचा पहिला हिंवाळा सुखानें पार पडतो, तें ठिकाण त्याच्या मनांत कोरलें जातें.

दिशा समजण्याचीं साधनें तीन. दिवसां सूर्य, परंतु सूर्य सरकत असतो, म्हणून त्याच्या जोडीला पक्ष्याच्या शरीरांतील घड्याळ हिशेब करतें. गुस्टाफ क्रामर या जर्मन शास्त्रज्ञानें १९५० च्या सुमारास मैनांवर हें दाखवून दिलें. रात्रीं तारे, अमेरिकेंतील स्टीफन एम्लेन यांनीं १९६० नंतरच्या दशकांत तारांगणाच्या कृत्रिम आकाशाखालीं पक्षी ठेवून सिद्ध केलें, कीं पक्ष्याची पिलें आकाश कोणत्या बिंदूभोंवतीं फिरतें तें पाहून उत्तर शिकतात. ज्या ध्रुवाची गोष्ट मराठी घरांत आजी नातवाला सांगते, त्याच्या आसपासचें आकाश घरट्यांतील पिलूंहि पाठ करीत असतें. तिसरें साधन पृथ्वीचें चुंबकत्व. फ्रँकफुर्टच्या वोल्फगांग विल्टश्को यांनीं त्याच दशकांत कृत्रिम चुंबकक्षेत्र फिरवून पिंजऱ्यांतील पक्ष्यांची दिशा फिरवून दाखविली. आभाळ भरून आलें, तारे दिसेनासे झाले, तरी हें होकायंत्र चालतच असतें.

या प्रवाशांपैकीं दोघांची हकीकत विशेष सांगण्यासारखी आहे. पट्टकदंब मंगोलिया, तिबेट, लडाख येथें वीण घालतो आणि हिमालय ओलांडून भारतांत येतो. तो एव्हरेस्टच्याहि वरून जातो अशी आख्यायिका आहे. उपग्रहयंत्रें बसवून पाहतां असें आढळलें, कीं तो शक्यतों खिंडींच्या व डोंगरउतारांच्या आधारानें उडतो. तरी त्याची सुमारे ७,३०० मीटर उंचीची नोंद आहे. तेथें हवेंत प्राणवायु इतका विरळ असतो, कीं सामान्य माणसाला चार पावलें चालणें कठीण. पट्टकदंबाच्या रक्तांतील तांबडें द्रव्य प्राणवायु अधिक घट्ट पकडतें, आणि तो रात्रीं किंवा पहांटे, जेव्हां हवा थंड म्हणून दाट असते, तेव्हां चढण चढतो. मोठ्या कामाला तो गाजावाजाची नव्हे, तर योग्य वेळेची निवड करतो.

दुसरा प्रवासी अमूर ससाणा. पारव्याहून लहान, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. आग्नेय सैबेरिया व उत्तर चीन हें त्याचें घर, आणि दक्षिण आफ्रिका हा त्याचा हिंवाळी मुक्काम. ऑक्टोबरांत ते ईशान्य भारतांत लाखोंच्या संख्येनें थांबतात, पोटभर किडे खातात, आणि नोव्हेंबरांत दख्खन ओलांडून अरबी समुद्रावर झेंप घेतात. लोणावळ्याच्या पठारांवर त्यांतले कांहीं क्षणभर विसांवलेले दिसतात. त्यांच्यापुढें सुमारे तीन हजार किलोमीटर पाणी असतें आणि मध्यें उतरण्याला जागा नसते. पाठीशीं ईशान्य वारे असतात, आणि कदाचित् वाटेंत भोजनहि असतें. कारण त्याच दिवसांत भारताकडून मालदीवमार्गें आफ्रिकेकडे चतुर या किड्यांचेहि थवेच्या थवे जातात, असें चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञानें २००९ सालीं मांडलें.

या ससाण्याच्या बाबतींत २०१२ सालीं एक भयंकर गोष्ट उघडकीस आली. नागालँडमध्यें दोयांग जलाशयापाशीं हे पक्षी जाळ्यांत धरून दररोज हजारोंनीं मारले जात होते. बातमी जगभर गेली. परंतु खरी नवलाची गोष्ट पुढेंच घडली. गांवच्या पंचायतींनीं, चर्चमधील धर्मोपदेशकांनीं, सरकारी खात्यांनीं आणि पक्षिमित्रांनीं एकत्र बसून विचार केला, आणि पुढल्याच हंगामांत, २०१३ सालीं, जाळीं उतरलीं. त्या नोव्हेंबरांत तीन ससाण्यांच्या पाठीवर यंत्रें बसवून त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशीं तेथल्याच लोकांचीं व गांवांचीं नांवें देण्यांत आलीं. ते आफ्रिकेला गेले, आणि त्यांपैकीं नागा व पांगती पुढल्या वर्षीं पुन्हां दोयांगला आल्याचें दिसून आलें. ज्या गांवानें जाळीं लावलीं होतीं, त्याच गांवाचें नांव घेऊन तो पक्षी समुद्र ओलांडून परत आला.

‘परत आला’ या दोन शब्दांतच या विषयाचें मर्म आहे. स्थलांतरी पक्षी नुसत्या प्रदेशाकडे परत येत नाहीं. तो पत्त्यावर परत येतो. पायांत कडें घातलेले धोबी पुढल्या हिंवाळ्यांत पुन्हां त्याच हिरवळीवर आल्याचीं उदाहरणें आहेत. एप्रिलमध्यें निघतांना त्यानें जें डबकें, जो ओढा, जें माळरान मनांत कोरून नेलें, तेंच सप्टेंबरांत तो शोधीत येतो. मधल्या पांच महिन्यांत डबक्यावर भराव पडला, ओढा नळांतून नेला गेला किंवा नदीचा उथळ चिखलाचा कांठ जाऊन तेथें सरळ उभी भिंत आली, तर त्याची सूचना त्याला कोणी दिलेली नसते. हजारों किलोमीटरचा प्रवास करून, अंगांतली चरबी जाळून तो येतो, आणि दार बंद पाहतो. बदकांना खोल पाणी चालतें; परंतु तुतारी आणि चिखल्या यांना बोटभर पाणी आणि ओला चिखल हवा असतो. माणसाच्या दृष्टीनें जी घाण, ती त्यांच्या दृष्टीनें जेवणाची पंगत आहे.

माळरानांचेंहि तसेंच. झाड नसलेली जमीन म्हणजे पडीक, असा एक समज रूढ झाला आहे, आणि सद्भावनेनेंच अशा माळांवर वृक्षारोपण केलें जातें. वृक्ष लावणें पुण्याचें खरें. पण भोवत्या रात्रीं गवतांत जमिनीवरच झोंपतो, झाडावर नव्हे. माळाचें वन झालें, कीं त्याचें अंथरूण गेलें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालांत ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवितां आला, त्यांपैकीं ६० टक्के जातींची संख्या घटल्याचें दिसून आलें. आणि गवताळ माळ, पाणथळ व दूरचें स्थलांतर यांवर अवलंबून असणाऱ्या पक्ष्यांची स्थिति विशेष चिंताजनक आढळली.

तथापि हें चित्र सर्वस्वीं निराशेचें नाहीं, आणि त्याचें कारण पर्डेकच्या तरुण मैनांनींच सांगून ठेवलें आहे. प्रौढ पक्षी जुन्या पत्त्याला चिकटतो. परंतु दरवर्षीं निघणारी तरुण पिढी फक्त दिशा घेऊन निघते, आणि जेथें भागेल तो आपला पत्ता ठरविते. उजनीचें धरण १९८० सालीं पुरें होण्यापूर्वीं भिगवणला हा विस्तीर्ण जलाशय नव्हता. नांदूर मध्यमेश्वरचें पाणीहि गोदावरी-कादवेच्या संगमापाशीं विसाव्या शतकाच्या आरंभीं बांधलेल्या बंधाऱ्याचें. तेंच ठिकाण रामसर करारांतील महत्त्वाच्या पाणथळींच्या यादींत गेलेलें महाराष्ट्रांतील पहिलें ठरलें, हें जानेवारी २०२० मध्यें जाहीर झालें. दोयांगचा जलाशयहि माणसानेंच बांधलेला. म्हणजे जो हात पत्ता पुसून टाकतो, तोच हात नवा पत्ता लिहूंहि शकतो. अट एवढीच, कीं एका हिंवाळ्यांत दिलेलें आश्रयस्थान पुढल्या हिंवाळ्यांत हिरावून घेतां कामा नये.

शहरांतील गृहस्थाला या बाबतींत काय करतां येईल? पहिली गोष्ट अगदीं सोपी आहे. एक वही घ्यावी. तींत दरवर्षीं पहिला धोबी, पहिली माळभिंगरी, पहिला थिरथिरा दिसला ती तारीख, ठिकाण आणि वेळ लिहावी. आणि मार्च-एप्रिलमध्यें तो शेवटचा कधीं दिसला तेंहि लिहावें. ‘दिसला नाहीं’ हीसुद्धां नोंदच आहे, आणि कित्येकदां तीच अधिक मोलाची ठरते. २००७ सालीं भारतांत ‘मायग्रंटवॉच’ नांवाचा उपक्रम सुरू झाला, तो नेमक्या अशाच पहिल्या दर्शनाच्या तारखा सामान्य नागरिकांकडून गोळा करण्यासाठीं. एका घराची एका वर्षाची तारीख म्हणजे केवळ आठवण; शंभर घरांच्या वीस वर्षांच्या तारखा म्हणजे शास्त्र. तसेंच, शरदाच्या रात्रीं गच्चीवरचे प्रखर दिवे गरजेपुरतेच लावावे, कारण रात्रीं उडणारे पक्षी अशा प्रकाशानें भांबावतात. आणि शेजारचें तळें वा ओढा ‘सुशोभित’ करण्याची योजना निघाली, तर त्यांत चिखलाचा एक उथळ कांठ राखून ठेवावा, असा आग्रह धरावा.

महाराष्ट्र शासनानें २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळण्याचें ठरविलें. ५ नोव्हेंबर हा अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. एकानें मराठी माणसाला पक्ष्यांचीं नांवें व गोष्टी दिल्या, दुसऱ्यानें साऱ्या देशाला पक्षी मोजण्याची शिस्त दिली. दोघेहि आतां हयात नाहींत. परंतु ज्या दिवसांत पाहुण्यांची वर्दळ ऐन भरांत असते, तेच दिवस त्यांच्या स्मरणाला यावेत, हा योग मोठा सुंदर आहे.

शेवटीं पुन्हां त्या धोब्याकडे वळावें. तो घाटाच्या पायरीवर शेपूट हालवीत उभा असतो, तेव्हां त्याच्याकडे पाहणाऱ्याला त्याच्या प्रवासाची एकहि खूण दिसत नाहीं. पंख मळलेले नसतात, चाल थकलेली नसते. त्याच्याजवळ असतो तो केवळ एक विश्वास, कीं गेल्या वर्षीं जेथें पाणी होतें, तेथें यंदाहि असेल. हा विश्वास खरा ठरविणें त्याच्या हातीं नाहीं. तें पायरीवर उभें राहून त्याच्याकडे पाहणाऱ्याच्या हातीं आहे.